तोटीवरचा हात

पणजी सुईण होती. आसपासच्या चार वस्त्यांत जन्मलेले बहुतेक प्रत्येक मूल पहिल्यांदा तिच्याच हातात आलेले, त्यामुळे पुढे मोठ्या खुर्च्यांवर बसलेली माणसेसुद्धा तिच्यासमोर आवाज खाली ठेवून बोलत. पणजीची मुलगी, म्हणजे आजी, औषधांच्या दुकानात कंपाउंडर होती. चिमटीतली भुकटी ती तराजूत टाकते ती केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी, असे लोक म्हणत आणि ती ते कधी खोडून काढीत नसे. आजीची मुलगी, म्हणजे आई, शाळेत शास्त्र शिकवी; फळ्यावर चुंबक काढून चुंबक शिकवणाऱ्या मास्तरांविषयी तिचे जे मत होते ते इथे लिहिण्याजोगे नाही. अशा तीन बायकांच्या मागून आलेली चौथी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेची प्रमुख झाली, यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. तिला स्वतःला तर मुळीच वाटले नाही.

विद्यार्थी या चौथ्या बाईंना पाठीमागे थेंबबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते, पण तसे दाखवणे शिस्तीला धरून झाले नसते. नाव पडले ते अनुमापनावरून. काचेची एक उभी, आखीव नळी असते, तिला ब्यूरेट म्हणतात. तिच्या तळाशी तोटी असते. तोटी हळूहळू फिरवून खालच्या चंबूतल्या आम्लात अल्कलीचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. चंबूतले द्रावण पाण्यासारखे रंगहीन असते. आणि मग एका थेंबाने, नेमक्या एकाच थेंबाने, ते फिकट गुलाबी होते आणि तसेच राहते. तिथे हात थांबला पाहिजे. पुढचा थेंब पडला की गुलाबी भडक होते आणि सगळी मेहनत बेसिनमध्ये ओतावी लागते. "एक थेंब!" ही थेंबबाईंची गर्जना प्रयोगशाळेच्या दारापासून जिन्यापर्यंत ऐकू जाई.

त्यांच्या प्रयोगशाळेचे नियम मोजके आणि अढळ होते. एका विद्यार्थ्याला एक ब्यूरेट. सर्वांनी एकाच क्षणी सुरुवात करायची. आणि सुरुवातीपूर्वी बाईंचे प्रास्ताविक, उभ्याने, हात मागे बांधून, ऐकायचे. या प्रास्ताविकात काच कशी धरावी इथपासून माणसाने आयुष्यात घाई का करू नये इथपर्यंत सर्व काही येई. एवढ्या वर्षांत त्यातला एक शब्द बदलला नव्हता, कारण बदलण्याची गरज बाईंना कधी भासली नव्हती.

साठ जणांसाठी बांधलेली ती खोली. लांब ओटे, प्रत्येकावर लोखंडी स्टँड, दोन्ही टोकांना बेसिन, खिडक्यांखाली धुतलेल्या काचेच्या रांगा. त्या वर्षी विद्यापीठाने प्रवेशाच्या जागा वाढवल्या. थोड्याथोडक्या नव्हे, तिप्पट. ओटे होते तेवढेच, सहायक होते तेवढेच, आठवड्याचे वारही, बाई उपहासाने म्हणाल्या तसे, वाढवता आले नव्हते.

पहिल्या दिवशी दार उघडले आणि एकशे ऐंशी पांढरे ॲप्रन आत लोटले. मुंगीला शिरायला जागा उरली नाही. काचेच्या भांडारावर ज्या बाई होत्या त्यांना सगळे काचताई म्हणत. त्या जाळीच्या खिडकीतून हे दृश्य पाहत होत्या; त्यांनी खिडकीच लावून घेतली.

"ताई, उघडा ती खिडकी. चंबू द्यायचेत," थेंबबाई बाहेरून म्हणाल्या.

"देते की. पण आधी सांगा, परत किती येतील?"

"जितके जातील तितके."

"मॅडम, तुम्ही शास्त्रातल्या आहात. खोटी आशा लावू नका."

एकेका ब्यूरेटभोवती तीनतीन, चारचार जण उभे राहिले. पुढचा तोटी फिरवी, दुसरा आकडा सांगे, तिसरा लिही आणि चौथ्याला पुढच्या तिघांच्या पाठी दिसत. आकड्यांवरूनही भांडणे जुंपली. नळीतल्या द्रावणाची कड डोळ्यांच्या रेषेत आणून वाचावी लागते. वरून पाहिले तर एक आकडा दिसतो, खालून पाहिले तर दुसरा. वर्गात एक अतिशय उंच मुलगा होता, त्याला मित्र टॉवर म्हणत. आणि त्याच गटात एक बुटकी मुलगी होती, तिचे नाव चिमणी पडले होते.

"बावीस पॉईंट एक," टॉवर वरून म्हणाला.

"बावीस पॉईंट चार!" चिमणी खालून ओरडली.

"अगं, मला नीट दिसतंय."

"तुला गच्चीवरून दिसतंय. जरा खाली ये, मग बोल."

तिसऱ्याने दोन्हींची सरासरी काढून लिहिली. थेंबबाईंनी ती वही पाहिली आणि कपाळाला हात लावला. आकड्यांची सरासरी काढता येते, पण दोन चुकांची सरासरी म्हणजे तिसरी चूक, हे त्यांनी त्या गटाला असे सुनावले की शेजारच्या तीन गटांनीही आपापली सरासरी गुपचूप खोडली.

याच वेळी दारात डीनसाहेब येऊन उभे राहिले.

डीनसाहेब आणि थेंबबाई एकाच वर्गात शिकलेले. चार लोकांत बाई त्यांना साहेब म्हणत; चार लोक नसले की त्यांचे जुने नाव वापरीत. ते नाव होते कारकून. साहेबही मागे राहणाऱ्यांतले नव्हते. ते बाईंना सरकार म्हणत. त्या दिवशी चार नव्हे, एकशे ऐंशी लोक होते, म्हणून दोघे बाहेर व्हरांड्यात गेले.

"सरकार, हे काय आहे?"

"ही तुम्ही दिलेली भरती आहे. पाहून घ्या."

"जागा मी नाही वाढवल्या, परिषदेनं वाढवल्या. पण हे असं चालायचं नाही. उद्या कुणाच्या डोळ्यात आम्ल उडालं तर?" साहेबांनी आवाज मऊ केला. मऊ आवाज म्हणजे निर्णय आधीच झालेला आहे, हे बाई ओळखून होत्या. "माझ्याकडे उपाय आहे. एका सहायकानं कॅमेऱ्यासमोर प्रयोग करायचा. मोठ्या सभागृहात पडद्यावर सगळ्यांनी पाहायचा. आकडे त्यांना द्यायचे, गणित त्यांनी करायचं. काच फुटणार नाही, गर्दी होणार नाही."

"आणि शिकणार काय? पडदा?"

"अगं, आकडा तोच येतो ना?"

"पोहण्याचा सिनेमा पाहून माणूस तरंगतो का रे?"

"तरंगायला कोण सांगतंय? त्यांना पास व्हायचंय," साहेब म्हणाले. "सत्राच्या मध्यावर परिषदेची बैठक आहे. तोवर तुला मोकळीक. याच खोलीत, याच वेळात, नवा माणूस न मागता प्रत्येक पोराचा हात प्रत्येक प्रयोगाला लागतोय असं मला दाखव. दाखवलंस तर मी तुझ्या बाजूनं बोलेन. नाही तर पडदा."

"दाखवते," थेंबबाई म्हणाल्या. कसे, ते त्यांना त्या क्षणी मुळीच माहीत नव्हते. पण त्यांच्या घराण्यात आधी शब्द देऊन मग विचार करण्याची पद्धत होती.

पुढचे काही दिवस त्यांनी जे जे करून पाहिले ते ते फसले. अर्धी मुले सकाळी बोलावली, तर सकाळी दुसऱ्या विभागाचा तास निघाला. जादा ब्यूरेट मागितल्या, तर ठेवायला ओटा नव्हता. ओट्यांच्या मध्ये टेबले घातली, तर काचताईंना बेसिनपर्यंत पोचायला वाट उरली नाही आणि त्यांनी जोरात निषेध नोंदवला. आई घरी सगळे ऐकत होती. नव्वदीला टेकलेली, कान तीक्ष्ण, जीभ त्याहून तीक्ष्ण.

"माझ्या वर्गात सत्तर पोरं आणि चुंबक तीन," आई म्हणाली.

"मग काय करायचीस?"

"चुंबक रिकामा बसू द्यायची नाही. पोरं बसली तर बसली, चुंबक नाही बसायचा."

थेंबबाईंनी हसण्यावारी नेले. पण ते वाक्य डोक्यात शिरले ते शिरलेच. आपल्या ब्यूरेट रिकाम्या बसतात का? छे. तीनतीन, चारचार जण भोवती असताना रिकाम्या कशा बसतील? तरीही खात्री करून घेतल्याशिवाय मत बनवणे हे त्यांच्या रक्तात नव्हते.

पुढच्या प्रात्यक्षिकाला त्यांनी चिमणीला बोलावले. तिला गटात नाहीतरी पाठींशिवाय काही दिसत नव्हते. उकळी शांत राहावी म्हणून द्रवात टाकतात ते काचेचे मणी काचताईंकडून भांडेभर मागून घेतले, दोन बीकर तिच्यासमोर मांडले आणि कोपऱ्यातल्या एका ब्यूरेटकडे बोट दाखवले.

"त्या नळीवर डोळा ठेवायचा. दर मिनिटाला एक मणी. नळी कामात असेल तर डाव्या बीकरमध्ये, नुसती उभी असेल तर उजव्या. कळलं?"

"कळलं, मॅडम. पण बोलायचं नाही का?"

"नाही."

"मग कठीण आहे," चिमणी म्हणाली, पण बसली.

थेंबबाईंनी नेहमीप्रमाणे हात मागे बांधले, प्रास्ताविक सुरू केले, यथासांग संपवले आणि मग प्रयोग सुरू झाला. तास संपला, खोली रिकामी झाली, तेव्हा त्या कोपऱ्यात गेल्या. डाव्या बीकरचा तळ जेमतेम झाकला होता. उजवा बीकर वरपर्यंत भरला होता.

"हे कसं शक्य आहे?" बाईंनी चष्मा काढून पुसला. "चौघं होती त्या नळीवर!"

"हो, पण मॅडम, आधी सगळी वजनाच्या काट्याच्या रांगेत होती. मग द्रावण बनवायला गेली. मग नळी वापरली. मग सगळी गणित करत बसली. नळी उभीच."

"बरं. ते ठीक. पण काटा, द्रावण, गणित धरूनही एवढे मणी होत नाहीत. हा खालचा सगळा थर कधी पडला?"

चिमणी खिडकीकडे पाहू लागली.

"बोल ना. बोलायची फार हौस होती मघाशी."

"तो थर... तुम्ही बोलत होतात तेव्हाचा आहे, मॅडम."

जाळीच्या खिडकीमागे काचताईंना अचानक खोकल्याची उबळ आली. ती खरी होती की काय, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

थेंबबाईंनी उजवा बीकर उचलला आणि उजेडाकडे धरला. चूक मान्य करणे त्यांना जड जाई. पण मोजमाप नाकारणे त्याहून जड जाई. आपण ज्याला प्रयोगशाळेचा कणा मानत होतो तोच सगळ्या नळ्यांना हात बांधून उभे करत होता. आणि सर्वांनी एकाच क्षणी सुरुवात करायची, या शिस्तीमुळे सगळे एकाच वेळी काट्यावर, एकाच वेळी नळीवर आणि एकाच वेळी गणितावर कोसळत होते. खोली लहान नव्हती. शिस्त आखूड पडत होती.

त्या संध्याकाळी त्यांनी आईला सांगितले, की प्रास्ताविक काढून टाकावे लागेल.

"कोणतं? काच कशी धरावी ते?"

"हो."

"आणि घाई का करू नये ते?"

"तेही."

"अगबाई. म्हणजे ते तिथेही चालू असतं होय?" आई म्हणाली. "मला वाटलं, ते फक्त घरात."

मात्र प्रास्ताविक अजिबात नसावे, हे बाईंना पटेना. मुलांनी नळीला हात लावण्याआधी काच कशी धरावी हे कुणीतरी सांगितलेच पाहिजे. उपाय एकच होता, आणि तो गिळायला कडू होता. दुसऱ्या दिवशी त्या डीनसाहेबांच्या दालनात गेल्या. दार लावून घेतले.

"कारकून, तुझा तो कॅमेरा हवाय."

साहेब खुर्चीतून उठलेच. "कोण म्हणतंय हे? सरकार?"

"उड्या मारू नकोस. प्रयोग पडद्यावर जाणार नाही, माझं बोलणं जाणार आहे. पोरांनी ते घरी पाहायचं आणि इथं येऊन थेट काम करायचं. साठ काट्यावर, साठ नळीवर, साठ पलीकडच्या वर्गात मागच्या वेळच्या आकड्यांच्या गणितावर. घंटा झाली की जागा बदलायच्या. नळी उभी राहणार नाही."

साहेबांनी थोडा विचार केला. योजना चांगली आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, आणि आपल्याला ती आधी सुचली नाही हेही दिसले. "कॅमेरा घे. पण एक सांगू? एवढा आटापिटा कशासाठी? प्रत्येकानं तोटी फिरवलीच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?"

"फिरवल्याशिवाय कळत नाही."

"मला कळलं की! मी तीन वर्षं एकदाही तोटी फिरवली नाही. तरी पदवी मिळाली, विभाग मिळाला, ही खुर्ची मिळाली."

"काहीतरीच. आपली जोडी होती. तूही फिरवलीस."

"कधी?" साहेब हसत होते, पण मागे सरकत नव्हते. "आठव. जोडीला एकच नळी. पहिल्या दिवशी तू म्हणालीस, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, कालची वही छान झाली, आजही तूच लिही. नंतर काही म्हणालीच नाहीस, नुसता पेन पुढं केलास. कारकून हे नाव कुणी ठेवलं मला?"

थेंबबाईंना आठवत होते ते एवढेच, की त्यांचे निकाल नेहमी अचूक येत आणि वह्या देखण्या असत. त्या चित्रात दुसरा माणूस कुठे उभा होता, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

"मागायचं होतंस," त्या अखेर म्हणाल्या.

"तुझ्याकडे? तेव्हा?" साहेबांनी कॅमेऱ्याची पेटी पुढे सरकवली. "ने. परिषदेच्या आधी पाहायला येतो. आणि माझं म्हणणं तेच आहे. हात न लावताही माणूस कुठल्या कुठं पोचतो. मीच पुरावा आहे."

परिषदेत साहेब हेच बोलणार आणि सगळे मान डोलावणार, हे बाईंना लख्ख दिसत होते. व्यवस्था लावून दाखवली तरी कशासाठी, हा प्रश्न उरणारच होता.

प्रास्ताविकाचे चित्रीकरण काचताईंनी केले. पहिल्यांदा बाई नेहमीइतक्या बोलल्या. काचताईंनी कॅमेरा खाली ठेवला. "मॅडम, माझा हात अवघडला. पोरांचा जीव अवघडेल." दुसऱ्यांदा अर्धे झाले. तिसऱ्यांदा काच कशी धरावी, डोळा कुठे ठेवावा आणि थेंब कधी थांबवावा, एवढेच उरले. घाई का करू नये, हा भाग वगळताना बाईंच्या जिवावर आले, पण वगळला.

नवी पद्धत सुरू झाली त्या दिवशी पहिल्या घंटेला तारांबळ उडाली. काट्यावरच्या साठांनी नळीकडे जायचे आणि नळीवरच्या साठांनी गणिताच्या वर्गाकडे, हे सगळ्यांना पाठ होते. पण दोन्ही फौजा एकाच दाराशी समोरासमोर आल्या. टॉवर मधोमध अडकला आणि त्याच्या उंचीचा प्रथमच काही उपयोग झाला: त्याने दोन्ही हात पसरून रहदारी वळवली. दुसऱ्या दिवसापासून एका दाराने यायचे आणि दुसऱ्याने जायचे, असे ठरले.

खरी गंमत पुढे झाली. बाईंनी तिन्ही तुकड्यांचे निकाल फळ्यावर लिहायला लावले. नळीवर आलेल्या पहिल्या तुकडीचे आकडे झकास. दुसरीचे सगळे फुगलेले, आणि सगळे सारखेच फुगलेले. तिसरीचेही तसेच. एखाददुसरा चुकला असता तर बाईंनी त्याचा कान धरला असता. पण एकशे वीस जण एकाच दिशेने कसे चुकतील?

"द्रावण बिघडलं," एक सहायक म्हणाला.

"मग पहिली तुकडी कशी बरोबर?" बाई म्हणाल्या. "नळ्या त्याच, द्रावण तेच. मधे काय झालं? सांगा. माझ्याकडे पाहू नका, नळ्यांकडे पाहा."

मुले नळ्यांकडे पाहू लागली. चिमणीने एक नळी उजेडात धरली. आतल्या काचेवर पाण्याचे बारीक थेंब चिकटले होते.

"मॅडम, ओली आहे."

"का ओली आहे?"

पहिल्या तुकडीतला टॉवर लाजून पुढे आला. "आम्ही धुऊन ठेवल्या. मागून येणाऱ्यांना स्वच्छ मिळाव्यात म्हणून. चांगल्या दोनदोनदा."

"आणि आम्हीही," दुसरी तुकडी म्हणाली. "तुम्ही ठेवल्यात, मग आम्ही का ठेवू नये?"

असा हा सौजन्याचा घोळ होता. नळीत उरलेल्या पाण्याने द्रावण पातळ झाले; पातळ द्रावण जास्त लागले; म्हणून आकडे फुगले. पूर्वी प्रत्येकाची नळी स्वतःची होती, तेव्हा धुणारा आणि भरणारा एकच असे, आणि भरण्यापूर्वी नळी द्रावणानेच खळबळून घ्यायची हे त्याला प्रास्ताविकात ऐकायला मिळे. लहान केलेल्या प्रास्ताविकातून नेमके तेच वाक्य गळले होते. बाईंनी ते ताबडतोब सांगितले. मात्र रागावल्या नाहीत. साठ मुलांनी कुणी न सांगता पुढच्या साठ मुलांचा विचार केला होता. एवढ्या मोठ्या वर्गात असे होईल, हे त्यांना स्वप्नातही वाटले नव्हते. आणि त्याहून मोठी गोष्ट, चूक मुलांनीच पकडली होती. पडद्यावर ती कधी झालीच नसती, आणि म्हणून कधी कळलीही नसती.

डीनसाहेब आले ते परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी. घंटा नुकतीच झाली होती. एका दाराने साठ येत होते, दुसऱ्याने साठ जात होते, आणि साहेब मधोमध उभे होते.

"काका, मधे नका ना थांबू," चिमणी त्यांना वळसा घालत म्हणाली. "आणि चष्मा? इथे चष्मा लागतो. ॲप्रनही."

"मी फक्त पाहायला आलोय," साहेब म्हणाले.

"इथे पाहायला कुणीच येत नाही," ती म्हणाली आणि आपल्या नळीकडे पळाली.

साहेब ओट्याओट्याने फिरले. प्रत्येक नळीशी एकच जण होता. शेजारच्या खोलीत काट्यांवर रांग नव्हती. पलीकडच्या वर्गात पोरे आकड्यांवरून कचाकचा भांडत होती, पण ती आपापल्या आकड्यांवरून भांडत होती. काचताईंनी जाळीतून आपणहून सांगितले, की फुटतूट पूर्वीपेक्षा कमी आहे. आणि काचताई सहजासहजी चांगली बातमी देणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मानलं, सरकार," साहेब खिडकीशी येऊन हळूच म्हणाले. "गर्दीचा प्रश्न सोडवलास. मी दिलेल्या शब्दाप्रमाणे बोलेन. पण परिषद मला विचारेल, पडदा स्वस्त आणि सोपा असताना हे कशाला? आणि खरं सांगतो, मला उत्तर येत नाही. मला फरकच माहीत नाही."

थेंबबाईंनी खोलीवर नजर फिरवली. शेवटच्या ओट्यावर एक नळी मोकळी होती. त्या जागेचा मुलगा आजारी होता. त्यांनी खुंटीवरचा ॲप्रन काढला आणि साहेबांसमोर धरला.

"घाल."

"मी? आता? एवढ्या पोरांसमोर?"

"पोरांना वेळ नाही तुझ्याकडे बघायला. घाल म्हणते ना."

साहेबांनी ॲप्रन घातला, चष्मा लावला. त्यांनी नळी द्रावणाने खळबळून घेतली, भरली, चंबूत आम्ल घेतले, रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकले. इथवरचे सगळे त्यांना पाठ होते; तीन वर्षे त्यांनी तेच तर लिहिले होते. मग त्यांनी तोटीला हात लावला. थेंबबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या. वही पुढ्यात ओढली, पेनाचे टोपण काढले.

तोटी जरा जास्तच फिरली. धार लागली. चंबू क्षणात भडक गुलाबी झाला.

"गेलं," साहेब म्हणाले.

बाईंचा हात आपोआप तोटीकडे निघाला होता. त्यांनी तो अर्ध्या वाटेवर थांबवला आणि पेन घट्ट धरला. "ओत. पुन्हा कर."

दुसऱ्यांदा साहेब इतके घाबरून थेंब सोडू लागले की पलीकडच्या ओट्यावर टॉवरची दोन अनुमापने झाली. बाईंच्या जिभेवर सूचना येत होत्या, एकामागून एक, आणि त्या एकेक गिळत होत्या. चंबूच्या मध्यभागी गुलाबी ढग उठे आणि हलवताच विरे. उठे आणि विरे. मग विरायला वेळ लागू लागला. साहेबांनी तोटीच्या टोकाशी अर्धा थेंब लोंबत ठेवला आणि चंबूच्या कडेने हळूच टिपून घेतला.

रंग आला आणि राहिला. इतका फिकट, की चंबूखाली पांढरा कागद नसता तर दिसलाही नसता.

खुर्ची, दालन, परिषद हे सारे साहेबांच्या चेहऱ्यावरून उतरले होते, आणि तिथे पहिल्या वर्षाचा एक मुलगा उभा होता, ज्याला आपल्या हाताने काय केले हे नुकतेच कळले होते.

"आकडा?" बाईंनी विचारले.

साहेब गुडघे वाकवून कडेच्या रेषेत आले. "बावीस पॉईंट तीन." मग मान वळवून म्हणाले, "अगं, हे पडद्यावर कसं दाखवणार? ते थांबणं... ते हातालाच कळतं."

"उद्या हेच सांग परिषदेला. ह्याच शब्दांत."

"सांगतो. पडदा रद्द. ही लॅब अशीच चालेल, त्यासाठी मी भांडेन." ते ॲप्रनची गाठ सोडू लागले.

"कुठं निघालास? एका आकड्यानं निकाल होतो का? एकसारखे तीन लागतात." थेंबबाईंनी सुरेख अक्षरात पहिला आकडा लिहिला आणि वर न पाहता म्हणाल्या, "आणि मग पुढचा प्रयोग. आणि त्यापुढचा. रोज दुपारी ये. तीन वर्षांचे आहेत, सगळे करायचे. मी लिहीन."

साहेब आले. परिषद झाली, निर्णय बाईंच्या बाजूने लागला, तरी येत राहिले. जी नळी मोकळी असेल तिच्यापाशी उभे राहत. मुलांनाही सवय झाली; चिमणी तर त्यांचे आकडे तपासू लागली. थेंबबाई स्टुलावर बसून लिहीत आणि एकदाही तोटीला हात लावीत नसत. तिसऱ्या वर्षाच्या यादीतले शेवटचे अनुमापन ज्या दुपारी संपले त्या दुपारी त्यांनी शेवटचा आकडा लिहिला, खाली सरळ रेघ ओढली, वही मिटून साहेबांच्या हातात दिली आणि पेन आपल्या खिशाला लावला.

"मोज," त्या म्हणाल्या. "एकही प्रयोग राहिला असेल तर सांग."

साहेबांनी पाने उलटली. एकही राहिला नव्हता.